जिभेखालचा फुगा

जेवता जेवता पोर म्हणते, "आई, जिभेखाली काही तरी आहे." तोंड उघडून पाहावे तर जिभेच्या एका बाजूला निळसर फुगा. हाताला मऊ. दुखत मात्र नाही. घरात एकच घाबरगुंडी उडते. आजी म्हणते, सुईने फोडून टाका. शेजारी म्हणतो, कॅन्सरच तो! कुणाचेच ऐकू नका. असा फुगा बहुधा लाळेचा असतो.

लाळ येते कुठून? कानांच्या पुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली लाळेच्या ग्रंथी असतात. दोन्ही बाजूंच्या मिळून मोठ्या सहा. ओठांत, गालांत बारीक बारीक शेकडो. दिवसाला साधारण एक लिटर लाळ होते. ती बारीक नळ्यांनी तोंडात येते. नळी फुटली की लाळ आतच मांसात साचते. पाट फुटला की पाणी भलत्याच वाफ्यात शिरते ना, तसेच हे. ओठ दाताखाली सापडूनही असा लहान फोड होतो.

जिभेखालच्या फुग्याला डॉक्टर 'रॅन्युला' म्हणतात. लॅटिन भाषेत याचा अर्थ लहान बेडूक. ओरडणाऱ्या बेडकाचा गळा आठवा! कधी ही लाळ खाली मानेत उतरते. तोंडात काही दिसत नाही, हनुवटीखाली सूज येते. मग लोक गंडमाळ समजून महिनोन्‌महिने लेप लावत बसतात.

बरे, सुईने फोडले तर? अंड्याच्या पांढऱ्यासारखे चिकट पाणी निघते. फुगा बसतो. पण काही दिवसांनी पुन्हा भरतो, कारण ग्रंथी लाळ करतच असते. शिवाय मळक्या सुईने पू होतो तो वेगळाच.

म्हणून डॉक्टर मुळालाच हात घालतात. भूल देऊन, तोंडाच्या आतूनच, त्या बाजूची जिभेखालची ग्रंथी काढतात. मानेतल्या सुजेचे मूळही तेच. तेव्हा मानेवर चिरा देण्याची गरज बहुधा पडत नाही. काम नाजूक आहे. जिभेची नस तिथूनच जाते. काहींची जीभ थोडे दिवस बधिर राहते. तोंड कोरडे पडेल काय, असे पुष्कळ जण विचारतात. नाही पडत. बाकीच्या पाच ग्रंथी आहेत की! तान्ह्या मुलाचा फुगा कधी आपोआप जिरतो, म्हणून डॉक्टर थोडी वाट पाहतात.

नागपुरात १९४७ साली निघालेले मेडिकल आहे, आणि १९६८ सालचे सरकारी दंत महाविद्यालय आहे. दातांच्या दवाखान्यात जिभेचे काय काम, असे वाटेल. पण तोंडाची शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर तिथेही असतात.

खर्रा खाणाऱ्यांनी मात्र प्रत्येक गाठीला लाळेचा फुगा समजू नये. कडक गाठ, पांढरा चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड कमी उघडणे, ही लक्षणे वेगळी. ती लगेच दाखवावी. आणि फुगा एकाएकी वाढून गिळता येईना किंवा श्वास अडू लागला, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच दवाखाना गाठा.