बियाण्याचा परवाना आणि डहाणूची हद्द

डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्या पाहणाऱ्याला हे झाड या मातीत पुरातन काळापासून नांदत असावे असे वाटले, तर तो त्याचा दोष नव्हे. वस्तुतः चिकू हा मध्य अमेरिकेचा रहिवासी असून घोलवड परिसरात त्याची लागवड सुरू होऊन सुमारे सव्वाशे वर्षे झाली आहेत. त्या काळी असे परके झाड आणून रुजवण्यास कोणत्याही कचेरीच्या परवान्याची आवश्यकता नव्हती. पुढे खिरणीच्या खुंटावर कालीपत्ती चिकूचे कलम बांधण्याची, म्हणजे दोन भिन्न जातींच्या वनस्पतींचा एक देह करण्याची विद्या येथील वाडीवाल्यांनी आत्मसात केली, आणि तिला सृष्टिक्रमाविरुद्ध म्हणण्याचे कोणाच्या मनातही आले नाही. २०१६ साली डहाणू-घोलवड चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे परदेशातून आलेल्या पाहुण्याला कायद्याने या भूमीचा वारसदार ठरवले.

अशा मुलखात शेतीतील जैवतंत्रज्ञानाचा विचार करताना एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते, आणि ती सहसा कोणी सांगत नाही. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८६ साली संसदेने जो पर्यावरण संरक्षण कायदा केला, त्याच्याच पोटी दोन अपत्ये जन्मली. ५ डिसेंबर १९८९ चे नियम हे पहिले. जनुकीय फेरफार केलेल्या जीवांची निर्मिती, आयात, साठवण व वापर यांवर त्यांनी नियंत्रण आणले. दुसरे अपत्य म्हणजे २० जून १९९१ ची अधिसूचना. तिने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला, उद्योगांना ५०० एकरांची मर्यादा घातली आणि तालुक्याच्या सरहद्दीभोवती २५ किलोमीटरांचा पट्टा उद्योगांपासून मुक्त ठेवण्याचे बंधन मुक्रर केले. तलासरी तालुका जवळजवळ सगळा या पट्ट्यात येतो. परंतु या दोन भावंडांची वाढ अगदी निराळ्या रीतीने झाली.

पहिल्याचा संसार दिल्लीत थाटला गेला. संशोधन करणाऱ्या संस्थेतील जैवसुरक्षा समिती, तिच्यावर जैवतंत्रज्ञान विभागाची पुनरीक्षण समिती आणि सर्वांत वर पर्यावरण मंत्रालयातील जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समिती, अशी ही उतरंड आहे. मार्च २००२ मध्ये जालन्याच्या महिको कंपनीच्या तीन बीटी कापूस वाणांना तिने मान्यता दिली. मातीतील एका जिवाणूचे जनुक कपाशीत घातल्यामुळे झाडच बोंडअळीला मारक असे प्रथिन तयार करू लागले. आरंभी फवारण्या कमी झाल्या, हे नाकारण्याचे कारण नाही. पण पुढे गुलाबी बोंडअळीने त्या प्रथिनाला दाद देणे सोडले आणि विदर्भ-मराठवाड्यातील शेतकरी पुन्हा औषधाच्या पंपाकडे वळला. बीटी वांग्याला समितीने ऑक्टोबर २००९ मध्ये अनुकूल शिफारस दिली, तथापि नागपुरासह सात शहरांत लोकांचे म्हणणे ऐकून घेतल्यावर तत्कालीन पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी ९ फेब्रुवारी २०१० रोजी ते प्रकरण तहकूब केले. दुसरीकडे, जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तणनाशक सहन करणारी विनापरवाना कपाशी भर दिवसा पेरली. पाच वर्षांपर्यंतची कैद कागदावर असतानाही हे घडले, यावरून दिल्लीच्या शिक्क्याचा गावच्या बांधावर किती अंमल चालतो, याचा अंदाज वाचकाने करावा.

डहाणू-तलासरीत कपाशी नाही. येथील वारली शेतकरी राब भाजून आवण, म्हणजे भाताची रोपे, वाढवतो आणि एकाच पावसाळ्यावर भात, नागली, वरी पिकवतो. त्यामुळे बीटीचा वाद त्याच्या दारापर्यंत आलाच नाही. भाताचा मात्र येईल. ४ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने जनुक-संपादित भाताची दोन वाणे जाहीर केली. त्यांपैकी ‘पुसा डीएसटी राईस १’ हे दुष्काळ व क्षार सोसणारे आहे असा दावा आहे. समुद्राची भरती शिरून खारावलेली खाजणे ज्या किनाऱ्यावर आहेत, तेथे हा दावा कान टवकारून ऐकला जाणारच. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पारंपरिक संकराच्या मार्गाने क्षारसहिष्णू भात यापूर्वीच दिलेला आहे. नव्या वाणाची परीक्षा खरे तर त्याच्या शेजारी, त्याच खाजणात व्हावयास हवी.

संपादनाच्या या तंत्रात पिकाच्या स्वतःच्याच जनुकात नेमका बदल केला जातो. त्यामुळे ३० मार्च २०२२ च्या आदेशाने परके जनुक अंगी न राहिलेल्या अशा वाणांना १९८९ च्या नियमांतील महत्त्वाच्या कलमांतून सूट मिळाली. शास्त्रदृष्ट्या हा भेद मला ग्राह्य वाटतो. पण सूट मिळताच वरच्या समितीपुढील चर्चाही टळते, आणि ज्याच्या शेतात ते बियाणे यावयाचे, त्याला प्रश्न विचारण्याची जागा उरत नाही.

दुसऱ्या भावंडाची कथा येथे उपयोगी पडते. डहाणूविषयी सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर १९९६ च्या निकालानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. १९९८ मध्ये त्याने तालुक्याच्या किनाऱ्यावरील नियोजित वाढवण बंदर नाकारले, आणि २०२३ मध्ये, धर्माधिकारींच्या पश्चात, त्याच प्राधिकरणाने बंदराला वाट दिली. हा दुसरा निर्णय मच्छिमारांना अजून पटलेला नाही. निर्णय कसेही असोत, आपल्या तालुक्याच्या नावाने बसणाऱ्या एका मंडळासमोर जाऊन हरकत घेता येते, हे येथील माणसाला माहीत झाले. १९८९ च्या नियमांतही जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समितीची तरतूद आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाल्यापासून हे काम पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे येते. परंतु बियाण्यासंबंधी अशा समितीकडे दाद मागता येते, हे कोणत्याही कृषी सेवा केंद्राच्या फळीवर लिहिलेले मी पाहिले नाही.

तलासरीच्या शेतकऱ्याला अधिक निकटचा आधार २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात आहे. त्याच्या ३९ व्या कलमाने शेतकऱ्याला संरक्षित वाणाचेही बियाणे राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, सोयऱ्याधायऱ्यांशी अदलाबदल करण्याचा आणि विकण्याचा अधिकार दिला आहे. केवळ छापील नाममुद्रेच्या पिशवीत ते विकता येत नाही. शेजारच्या जव्हार तालुक्यात बाएफ संस्थेच्या साह्याने आदिवासी शेतकऱ्यांनी भात, नागली, वरी यांची जुनी वाणे राखली आहेत, आणि अशी वाणे शेतकऱ्यांच्या नावे नोंदवण्याची सोयही याच कायद्यात आहे. त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात आणखी एक तरतूद आहे: नोंदणीकृत वाण सांगितल्याप्रमाणे उतरले नाही, तर शेतकऱ्याला भरपाई मागता येते. तो अर्ज मात्र तालुक्याच्या कचेरीत चालत नाही. तो या कायद्याखालच्या प्राधिकरणाकडे करावयाचा, आणि त्या प्राधिकरणाची मुख्य कचेरी नवी दिल्लीत आहे.