वेडी बाभूळ: वाळवंटात लावलेलं झाड मिठागरांच्या पट्ट्यात कसं ओळखाल?

भाईंदरच्या मिठागरांच्या बाजूला बांधावर काटेरी, बारीक पानांचं झुडूप दिसलं तर ते तिवरांपैकी समजू नका. ती वेडी बाभूळ असू शकते. पाणी कमी, जमीन खारट, तरी ती तगते.

आली कुठून?
मूळ घर मेक्सिको ते दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग. १८७७च्या सुमारास इंग्रजांनी बी भारतात आणलं. जळण मिळावं, वाळू थोपावी, हा हेतू. १९४०मध्ये जोधपूर संस्थानानं तिला 'शाही झाड' ठरवलं. कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात वनखात्यानं १९६१पासून ती लावली, खारी जमीन पुढे सरकू नये म्हणून. झाडानं गवताचीच जागा घेतली. तिथं तिचं नाव 'गांडो बावळ', म्हणजे वेडी बाभूळच. आपल्याकडे सोलापूरसारख्या कोरड्या भागात काही ठिकाणी 'चिलार' म्हणतात.

पसरते कशी?
शेंगा गोड असतात. गुरं त्या खातात, बिया न पचता शेणातून पडतात आणि उगवतात. वरून छाटली तर बुंध्यातून पुन्हा फुटवे येतात, त्यामुळे जमिनीखालचा खोडाचा भागही काढावा लागतो. नुसती कोयता मोहीम म्हणजे फुकटची मेहनत! कोळसा मात्र उत्तम होतो, म्हणून अनेकांची चूलही तिच्यावर चालते.

ओळख काय?
देशी बाभळीचं फूल पिवळ्या गोंड्यासारखं गोल, शेंग मण्यांच्या माळेसारखी. वेडीचं फूल लांबट, हिरवट-पिवळ्या तुऱ्याचं, शेंग पिकल्यावर पिवळसर. दसऱ्याची शमी तिची नातेवाईक. दोघी 'प्रोसोपिस' कुळात होत्या, २०२२मध्ये वेडीला 'नेल्टुमा' या वेगळ्या नावाखाली टाकलं.

तोडायची का?
थांबा. खाडीकाठी ती तिवरांच्या शेजारी असू शकते. मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८च्या निकालानं राज्यभर कांदळवनाच्या तोडीवर बंदी आहे, भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही संरक्षित. शिवाय शहरात १९७५चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे. झाड परदेशी असलं तरी परवानगी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडूनच घ्यावी लागते.