दोरीवरचं रोप आत की बाहेर? पां. वा. सुखात्मे यांचं संशोधन वाचताना

शिरोळ तालुक्यात ऊस एवढा आहे की बाकीची पिकं कुणाच्या लक्षातच येत नाहीत. पण दोन वर्षांपूर्वी आमच्या सोयाबीनच्या रानात पीक कापणी प्रयोग लागला होता. लागला म्हणजे चिठ्ठीत नंबर लागावा तसाच, कारण गट नंबर रँडम निवडलेला असतो. कृषी सहायक आले, गावातली चार माणसं जमली, टेप, चार खुंट्या आणि दोरी. १० मीटर बाय ५ मीटरचा आयत आखला आणि कापणी सुरू झाली. एका कडेला एक रोप बरोबर दोरीवर होतं. कापणाऱ्या मावशींनी ते सहज आत ओढलं. अण्णा माझ्या शेजारी उभे होते, हळूच म्हणाले, "बाहेरचं हाय ते."

अण्णांना काळजी होती ती विम्याची. महसूल मंडळाचं सरासरी उत्पन्न अशाच प्रयोगांवरून काढतात, आणि ते उंबरठा उत्पन्नाच्या खाली गेलं तरच भरपाई मिळते. आत ओढलेलं प्रत्येक रोप कागदावरचं पीक वाढवतं. मला मात्र दुसरंच काहीतरी आठवत होतं. संध्याकाळी सॅम्पलिंगचं पुस्तक काढलं. पन्नास चौरस मीटरचा हा आयत म्हणजे जवळजवळ ३३ फूट बाय साडेसोळा फूट, म्हणजेच एकराचा ऐंशीवा भाग. हे माप आपल्याकडे रुजण्यामागे १९४० च्या दशकातला एक वाद आहे, आणि त्या वादाच्या एका बाजूला होते पांडुरंग वासुदेव सुखात्मे.

पीएच.डी.ला लागण्याआधी एखाद्या संशोधकाचं काम कसं वाचायचं, असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. सायटेशन किती, एच-इंडेक्स किती, यावरून फारसं काही कळत नाही असं माझं मत आहे. त्या माणसाने आयुष्यभर कोणता प्रश्न सोडला नाही, ते शोधायचं. सुखात्म्यांच्या बाबतीत तो प्रश्न मला दोरीवरच्या रोपात सापडला: आपण जे मोजतोय, त्यातला फरक नक्की कशामुळे आलाय?

थोडी पार्श्वभूमी. जन्म २७ जुलै १९११, सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातलं बुध गाव. शिक्षण पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात, मग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात. पीएच.डी. १९३६, डी.एस्सी. १९३९. तिथे त्यांना जेर्झी नेमन आणि इगॉन पिअरसन यांच्याजवळ शिकायला मिळालं. नेमनचा स्तरित नमुन्यावरचा गाजलेला लेख १९३४ चा. त्यात कोणत्या स्तरातून किती घटक घ्यायचे याचं सूत्र आहे, पण ते वापरायला प्रत्येक स्तरातलं प्रचरण आधी माहीत असावं लागतं. प्रत्यक्षात ते कुणाला माहीत असतं? सुखात्म्यांनी १९३५ च्या लेखात नेमकं हेच घेतलं: प्रचरण आधी छोट्या नमुन्यातून अंदाजलं तर सूत्राचा फायदा कितपत टिकतो? वय चोवीस. गाईडच्या ताज्या लेखात जिथे "हे माहीत आहे असे मानू" लिहिलंय तिथे बोट ठेवायचं, एवढंच केलं. विषय मिळत नाही म्हणून रडणाऱ्यांनी (मीही त्यातलाच होतो) हा लेख जरूर बघावा.

भारतात परतल्यावर १९४० मध्ये ते आयसीएआरच्या, म्हणजे तेव्हाच्या इम्पीरियल कृषी संशोधन परिषदेच्या, सांख्यिकी विभागात आले. देशात धान्य किती पिकतं याचा आकडा तेव्हा "आणेवारी"वर चालायचा, म्हणजे नजरेचा अंदाज. नमुना घेऊन प्रत्यक्ष पीक कापावं यावर तज्ज्ञांचं एकमत होतं. भांडण होतं ते किती मोठा तुकडा कापायचा यावर. बंगालमध्ये महालनोबिस छोटी वर्तुळं कापत होते, काही फूट त्रिज्येची. त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता: तुकडा छोटा तर खर्च कमी, म्हणून त्याच पैशात जास्त ठिकाणी जाता येतं आणि सॅम्पलिंग एरर घटतो. सुखात्म्यांचं म्हणणं होतं की तुकडा लहान झाला की कडेची रोपं आत ओढली जातात आणि उत्पन्न पद्धतशीरपणे फुगतं. वेगवेगळ्या आकाराचे तुकडे शेजारी-शेजारी कापून त्यांनी ते दाखवलं आणि १९४६ मध्ये 'नेचर'मध्ये छापलं. महालनोबिस यांनी त्याच वर्षी 'संख्या'मध्ये आपली बाजू मांडली.

हे फुगणं किती असू शकतं, ते वहीत करून बघा. समजा कापणारा चारी बाजूंनी फक्त २ इंच बाहेरचं पीक आत घेतो. २ फूट त्रिज्येच्या वर्तुळात त्रिज्या २४ इंचांऐवजी २६ इंच झाली, म्हणजे क्षेत्र सुमारे १७ टक्क्यांनी वाढलं. ३३ बाय साडेसोळा फुटांच्या आयतात तीच चूक केली तर वाढ ३ टक्के. चूक तीच, माणूस तोच, फक्त क्षेत्राच्या मानाने कड किती लांब आहे ते बदललं. आता मुख्य गोष्ट: शंभर वर्तुळांऐवजी दहा हजार वर्तुळं कापली तर स्टँडर्ड एरर खाली येईल, पण ते १७ टक्के तिथेच राहतील. उलट एरर बार एवढा बारीक दिसेल की चुकीच्या आकड्यावर आपला विश्वास आणखी बसेल. मोठ्या डेटावर काम करणाऱ्यांना ही अभिनती, म्हणजे बायस, आजही तशीच फसवते.

महालनोबिस यांच्या बाजूने एक सांगितलं पाहिजे. त्यांच्याकडे खास शिकवलेले मोजणीदार होते. सुखात्म्यांना मात्र महसूल आणि शेती खात्यातल्या, आधीच दहा कामं असलेल्या माणसांकडून हे करून घ्यायचं होतं. म्हणजे पद्धत निवडताना गणिताबरोबर दोरी कोण धरणार हाही प्रश्न होता.

या काळातली दोन पुस्तकं तुम्हाला भेटतीलच. व्ही. जी. पानसे यांच्यासोबतचं शेतीसंशोधकांसाठीचं सांख्यिकीचं पुस्तक, जे "पानसे-सुखात्मे" म्हणून कृषी विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या संदर्भसूचीत हमखास असतं, आणि नमुना सर्वेक्षणावरचं १९५४ चं पुस्तक. (नॉनपॅरामेट्रिकमधली "सुखात्मे टेस्ट" यांची नाही, बाळकृष्ण सुखात्मे यांची आहे. त्यांचे बंधू. तोंडी परीक्षेत लोक इथे घसरतात.)

१९५१ नंतर ते रोमला एफएओत गेले आणि तिथल्या सांख्यिकी विभागाचे संचालक झाले. जगातले दोन तृतीयांश लोक उपाशी आहेत, असं तेव्हा सर्रास म्हटलं जायचं. १९६१ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात सुखात्म्यांनी हा आकडा तपासला आणि पोटभर न मिळणारे साधारण १० ते १५ टक्के असावेत असं मांडलं. निकृष्ट आहाराचे लोक धरले तर आकडा बराच वर जातो, हेही त्यांनी सांगितलं. युक्तिवाद ओळखीचा वाटेल. उष्मांकाची गरज ही सरासरी आहे, माणसागणिक ती बदलते. सरासरीपेक्षा कमी खाणाऱ्या प्रत्येकाला उपाशी म्हटलं, तर ज्यांची गरजच कमी आहे तेही उपाशांत मोजले जातात. म्हणून रेषा सरासरीच्या दोन प्रमाण विचलनं खाली घ्यावी.

याचा चटका महाराष्ट्रातच बसला. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी माणशी रोज २२५० उष्मांक धरून दारिद्र्यरेषा काढली आणि ग्रामीण भागातले सुमारे ४० टक्के लोक तिच्याखाली दाखवले. समजण्यापुरतं २२५० वर १५ टक्के प्रमाण विचलन धरा: सुखात्म्यांची रेषा जाते १५७५ वर. एवढ्या फरकाने कोट्यवधी माणसं गरिबांच्या यादीतून बाहेर पडतात.

पुढे पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत काम करताना ते आणखी एक पायरी पुढे गेले. एकाच माणसाचं रोजचं खाणं बदलतं. रोजचा फरक स्वतंत्र असता, तर सात दिवसांच्या सरासरीचं प्रचरण एका दिवसाच्या सातवा भाग व्हायला हवं होतं. उपलब्ध डेटात ते तेवढं घटत नव्हतं. म्हणजे आजचं खाणं कालच्याशी जोडलेलं आहे. यावरून, शरीर ठरावीक मर्यादेत स्वतःला सांभाळून घेतं, असं त्यांनी शेल्डन मार्गेन यांच्यासोबत १९८२ मध्ये मांडलं.

इथे मी त्यांच्या बाजूने नाही. आजचं-कालचं खाणं जोडलेलं आहे हे डेटा सांगतो. शरीर कमी उष्मांकात तेवढंच काम करतं, हे त्यातून निघत नाही. कमी खाणारा माणूस कमी हालचाल करून, बारीक राहूनही "सांभाळून" घेतो. सी. गोपालन यांच्यासारख्या पोषणतज्ज्ञांनी या गृहीतकाला कडाडून विरोध केला, आणि दांडेकरांनीही लेख लिहून उत्तर दिलं. शिवाय नेमन-पिअरसनच्या भाषेत बघा: रेषा दोन प्रमाण विचलनं खाली नेली की धडधाकट माणसाला उपाशी म्हणण्याची चूक जवळजवळ संपते, पण उपाशी माणसाला धडधाकट म्हणण्याची चूक किती वाढते? दोन्ही चुकांची किंमत सारखी नसते. अण्णांना ते दोरीपाशी न शिकता कळत होतं.

तरी चौकट टिकली. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांत एफएओ दरवर्षी जो अल्पपोषणाचा आकडा देते, तो आजही खाण्याचं वितरण आणि गरजेच्या खालच्या टोकाची रेषा यांवरूनच काढतात. मुळं १९६१ च्या निबंधात आहेत.

सुरुवात करायची तर १९४६ ची 'नेचर'मधली नोंद आधी घ्या, एका बैठकीत संपते. मग १९६१ चा निबंध, आणि त्यानंतर लगेच दांडेकरांचा १९८१ चा दारिद्र्य-मापनावरचा लेख. दोन्ही माणसं सातारा जिल्ह्यातली, दोघं पुण्यात, आणि एकमेकांना अजिबात सूट देत नाहीत.