व्हिसा १० वर्षांचा, मुक्काम ६ महिन्यांचा

अकोटात ऊन तापायला लागलं की काही घरांना कुलपं दिसतात. ‘गुरुजी कुठी गेले?’ असं विचारावं, तर शेजारून उत्तर येतं, ‘दोघंही पोराकडे, अमेरिकेले. आता दिवाळीलेच येतीन.’ एके काळी नवरा-बायकोनं मिळून दूर जायचं म्हणजे काशी नाहीतर चारधाम. आता दोघं सहा-सहा महिने परदेशात राहून येतात, तिथं स्वयंपाक करतात, भाजी आणतात, फिरायला जातात. याचा मला मनापासून आनंद आहे. पण जाण्याआधी त्यांच्या कानावर जी माहिती पडते, तिच्यातली बरीचशी चुकीची असते. तिचा फटका बसतो तो घरापासून हजारो मैलांवर.

सगळ्यात घातक समज हा: ‘१० वर्षांचा व्हिसा भेटला, आता लागन तितके दिवस राहा.’ अमेरिकेचा पर्यटक व्हिसा आपल्याकडे बहुधा १० वर्षांचा मिळतो, हे खरं. पण तो दारापर्यंत जाण्याचा परवाना आहे. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी प्रत्येक खेपेला ठरवतो, आणि सहसा ६ महिने देतो. शेवटची तारीख ‘आय-९४’ नावाच्या नोंदीत असते. पोहोचल्याच्या आठवड्यात ती ऑनलाइन पाहून कागदावर काढून ठेवा. मुदतवाढीचा अर्ज न करता ती तारीख ओलांडली, तर तो १० वर्षांचा व्हिसाच बाद होतो. कॅनडात मुलं-नातवंडं स्थायिक असतील, तर तिथला ‘सुपर व्हिसा’ आई-वडील आणि आजी-आजोबांना एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहू देतो. मात्र त्याला आरोग्य विमा काढावाच लागतो.

युरोपबद्दलचा घोळ वेगळाच. ‘देश बदलला का दिवस नव्यानं मोजतात,’ असं लोक खात्रीनं सांगतात. शेंगेन गटातले २९ देश मिळून हिशेब एकच: कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. समजा तुम्ही १ मे रोजी पॅरिसला उतरलात. मग जर्मनी, इटली, कुठंही फिरा, २९ जुलैला तुमचे ९० दिवस भरले. उतरल्याचा आणि निघाल्याचा दिवसही त्यातच धरतात. पुन्हा पाऊल ठेवता येईल ते २८ ऑक्टोबरला. आणि व्हिसाच्या स्टिकरवर ३० दिवस लिहिले असतील, तर ३०च. ९० ही कमाल मर्यादा आहे, हक्क नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथं शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन संगणकावर नोंद करायला सुरुवात झाली आहे, त्यामुळे एक दिवसही नजरेतून सुटणार नाही.

‘सहा महिने बाहेर राह्यलं का माणूस एनआरआय होते.’ नाही होत. जन्मभर अकोटात राहिलेलं जोडपं अशा सहा महिन्यांच्या एका मुक्कामानं आयकराच्या लेखी अनिवासी ठरत नाही. ‘पासपोर्टवर बाईचं सासरचंच नाव लागतं,’ हेही खरं नाही. माहेरचं नाव चालतं. तिकीट आणि विमा पासपोर्टवरच्या नावानं, अक्षर न अक्षर जुळवून काढा म्हणजे झालं.

विम्याबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचा विमा लागतो. ती व्हिसाची अट झाली. पण पुष्कळ पॉलिसींत जुना आजार एकतर धरतच नाहीत किंवा जिवावर बेतल्यावरच धरतात. साखर, बीपी, हृदयाचा त्रास लपवू नका. लपवलेल्या आजारावरूनच दावे फेटाळले जातात. गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या घ्या, मूळ पाकिटात ठेवा. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर ब्रँडसोबत औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण आपला ब्रँड तिथल्या दुकानदाराला ओळखू येत नाही.

आता बॅग. सतरंजीवर ती उघडी पडलेली असते, शेव, पापड, तिखट, गोडा मसाला, लाडूचा डबा. ‘खायचंच तं आहे, कोण अडवते?’ अडवतात. दुबईला जाणार असाल तर लाडवात, मसाल्यात खसखस नको. संयुक्त अरब अमिरातीत ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. युरोपीय संघात प्रवाशाला दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे आणि घरचं तूप इथंच राहणार. फळांना रोगमुक्तीचा सरकारी दाखला लागतो, पाच सोडून: अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी. म्हणजे आपलं संत्रं चालत नाही, पण आपल्या पणज गावची केळी चालतात! ऑस्ट्रेलियात तर खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर लिहून द्यावी लागते. लिहून दाखवली तर फार तर काढून घेतात. लपवली तर दंड होतो.

परदेशातल्या घरात मिरच्या भाजायच्या असतील, तर आधी खिडकी आणि पंखा. फोडणीच्या ठसक्यानंसुद्धा छतावरचा धुराचा भोंगा वाजतो. त्यावर फडकं बांधू नका, आगीत तोच जीव वाचवतो. आणि शेजारच्या मराठी घरातलं लेकरू पैसे घेऊन सांभाळणं पर्यटक व्हिसावर चालत नाही, मग पैसे रोख असोत की कसेही.

माझं मत विचाराल तर दहा शहरं पळत पाहण्यापेक्षा एका गावात महिनाभर खोली घ्यावी. महिन्याच्या बोलीनं भाडं पुष्कळदा रोजच्या दरापेक्षा स्वस्त पडतं. दुसऱ्या आठवड्यात भाजीवाली ओळखू लागते, बस कोणती ते पाठ होतं, आणि दोघांना एकमेकांशी बोलायला निवांत वेळ मिळतो.

राहिला पेन्शनवाल्यांचा नोव्हेंबर. ‘हयातीचा दाखला द्याले तं यावंच लागते,’ या भीतीनं कित्येक जण मुक्काम आवरता घेतात. परदेशातल्या भारतीय दूतावासातला अधिकृत अधिकारी असा दाखला प्रमाणित करून देऊ शकतो. कोणत्या नमुन्यात आणि कुणाकडे पाठवायचा, हे निघण्याआधी पेन्शनच्या बँकेत जाऊन विचारा. त्याच फेरीत बँकेतला मोबाइल नंबर परदेशात चालेल याची व्यवस्था करा, कारण ओटीपी त्याच नंबरवर येणार.