किनाऱ्यावरचा तो निळा फुगा जेलीफिश नव्हे, ओळखायचा कसा?

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असला तरी शनिवार-रविवारी बेळगाव, खानापूरकडून चोर्ला घाटाने गोव्याला जाणाऱ्या गाड्या काही कमी होत नाहीत. याच दिवसांत वाऱ्याच्या जोरावर किनाऱ्याला लागतो तो निळसर, चकचकीत फुगा. पोरं उचलायला धावतात. मोठी माणसं 'जेलीफिश आहे' म्हणून मोकळी होतात. पण तो जेलीफिश नाही, आणि मेलेला दिसला तरी डंख मारतो.

याला ब्लू बॉटल किंवा पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर म्हणतात. शास्त्रीय नाव फायसेलिया. जेलीफिश हा एकच जीव असतो. छत्रीसारखं अंग आकसत-पसरत तो पोहतो. ब्लू बॉटल म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या अनेक छोट्या जीवांची वसाहत. एक तरंगतो, काही शिकार धरतात, काही पचवतात, काही प्रजननाचं बघतात. भागीदारी फर्मच म्हणा, फक्त इथे कुठल्याच भागीदाराला बाहेर पडता येत नाही! पोहता येत नसल्याने वारा नेईल तिकडे जायचं. म्हणूनच दोघे निडारिया या एकाच संघातले असले तरी वर्ग वेगळे: खरे जेलीफिश सायफोझोआत, ब्लू बॉटल हायड्रोझोआत. फायसेलियाची एकच जात आहे असं बरीच वर्षं मानलं जायचं. 2025 मध्ये संशोधकांनी चार जाती वेगळ्या दाखवल्या.

ओळखताना आधी फुगा बघावा. हवा भरलेला, लांबट, वर चुणीदार तुरा, निळी-जांभळी किंवा गुलाबी झाक. खाली गडद निळे दोरे. हे दोरे कित्येक मीटर लांब असू शकतात, त्यामुळे फुगा लांब दिसतो आणि पाय इकडे भाजतो. नाण्याएवढी चपटी गोल चकती आणि भोवती निळी झालर दिसली तर तो पॉर्पिटा. लंबगोल चकतीवर पारदर्शक शीड उभं असेल तर वेलेला. या दोघांचा डंख सौम्य, तरी हात लावू नये.

डंख बसलाच तर चोळू नये, गोडं पाणी ओतू नये. समुद्राच्या पाण्याने धुऊन चिकटलेले दोरे चिमट्याने काढावेत. मग सोसेल इतक्या, साधारण 45 अंश गरम पाण्यात तो भाग 20 मिनिटं ठेवावा. व्हिनेगरबाबत तज्ज्ञांत एकमत नाही. श्वास लागला, छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर जीवरक्षकाला हाक मारून थेट 108 ला फोन करावा.