रेम्ब्रांटची ‘यहुदी नवरी’ आणि तिचे मोती

आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये रेम्ब्रांटचे एक चित्र आहे, सुमारे १६६५ सालचे. लाल पोशाखातील स्त्री, सोनेरी बाहीचा पुरुष, तिच्या छातीवर त्याचा हात. ‘यहुदी नवरी’ हे नाव चित्रकाराने दिलेले नाही. एकोणिसाव्या शतकात व्हान डर होप या संग्राहकाला वाटले की, यहुदी बाप लग्नाच्या दिवशी लेकीच्या गळ्यात साखळी घालतो आहे. आज जाणकार बहुधा इसहाक आणि रिबका मानतात. बेरेशीतचा २६वा अध्याय आठवावा. नाव चिकटले ते एका दागिन्यापायी, म्हणून आम्हाला त्यात रस.

नातीच्या मेंदीला असा साज करायचा तर लाल रेशमी साडी घ्यावी. ब्लाउजच्या बाह्यांना जुन्या शालूचा जरीकाठ लावला की सोनेरी बाहीचे काम भागते.

नवरीच्या गळ्यात व मनगटांवर मोती आहेत. आपण पांढरेशुभ्र घेऊ नयेत. किंचित पिवळसर, बारीक शोभतात. दोरा रेशमी, आणि दर मोत्यानंतर गाठ. सर तुटला तरी सगळे मोती घरभर पळत नाहीत, शिवाय एकमेकांवर घासतही नाहीत. सुईत दोरा ओवणे आता आपल्या डोळ्यांना जड जाते. दोऱ्याच्या टोकाला डिंक लावून वाळवावे, सुईच लागत नाही. सर गळ्यालगत असावा, आपल्या चिंचपेटीसारखा.

हिरवा चुडा मात्र उतरवू नये. चित्रात तो नसेना का, मेंदी आपली आहे. मोत्यांचा सर चुड्याच्या मागे, कोपराच्या बाजूला बसवावा.