एक दिवस गोदाकाठी : दर्शन घेणे आणि पाहणे

आजचा विषय तसा घरगुती आहे. सकाळी डबा बांधून निघायचे, गोदाकाठची दोन-तीन जुनी देवळे बघायची आणि दिवेलागणीच्या आत घरी परतायचे. आपल्या निफाड तालुक्यातली कितीतरी कुटुंबे श्रावणात, दिवाळीच्या सुटीत असे करतात. आता तुम्ही म्हणाल, यात तत्त्वज्ञान कुठे आले? ते एका शब्दात आले. देवळात आपण देव 'बघत' नाही, त्याचे 'दर्शन' घेतो. आणि न्याय, सांख्य, वेदान्त यांनाही आपल्या परंपरेने 'दर्शने'च म्हटले आहे. ग्रीकांकडेही गंमत अशीच आहे. नगराच्या वतीने दूरच्या देवस्थानाला किंवा उत्सवाला जायचे आणि तिथले सारे पाहून यायचे, याला ते 'थिओरिया' म्हणत. आज ज्याला आपण 'थिअरी' म्हणतो, तो शब्द तिथूनच आला. म्हणजे प्रवास करून नीट पाहून येणे आणि विचार करणे, ही दोन कामे जुन्या माणसांना फार लांबची वाटत नव्हती.

मग आपण सहलीला जातो तेव्हा काय होते? रांगेत पाऊण तास, गाभाऱ्यात अर्धा मिनिट, बाहेर फोटो, आणि चला पुढच्या ठिकाणी. दर्शन झाले, पण पाहणे राहिले. ते कसे करायचे, हे तीन ठिकाणांच्या आधाराने समजून घेऊ.

पहिले ठिकाण सिन्नरचे गोंदेश्वर. ते प्रत्यक्ष गोदाकाठी नाही, पण आपल्यापासून तास-दीड तासाच्या वाटेवर आहे, आणि डोळा तयार करायला याच्यासारखी दुसरी शाळा नाही. सिन्नर हे यादवांचे देवगिरीच्या आधीचे मोठे ठाणे. देऊळ साधारण बाराव्या शतकातले. मधोमध महादेव आणि चार कोपऱ्यांना चार छोटी देवळे, म्हणून हे पंचायतन. शिखराकडे बघा. चार बाजूंना पायथ्यापासून वरपर्यंत चार पट्टे चढत जातात आणि त्यांच्या मधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी रचलेल्या आहेत. या घडणीला 'भूमिज' शैली म्हणतात. एका मोठ्या शिखरात तेच शिखर पुन्हा पुन्हा. एकातून अनेक कसे होते, हा आपल्या दर्शनांचा आवडता प्रश्न. तो इथे पाथरवटाने दगडात मांडला आहे.

आपण अशा प्रत्येक देवळाला 'हेमाडपंती' म्हणून मोकळे होतो. पण हेमाद्री पंडित हा महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकातला. त्याच्या आधी उभ्या राहिलेल्या देवळाला त्याचे नाव कसे द्यायचे? लोकांना त्या शब्दातून सांगायचे असते ते एवढेच, की चुना न वापरता, घडीव दगड एकमेकांत बसवून, स्वतःच्या वजनावर उभे केलेले काम. शब्द चुकीचा म्हणून टाकून देऊ नका. तो काय सांगू पाहतो आणि काय लपवतो, ते ओळखा.

दुसरे ठिकाण आपल्याच तालुक्यातले. चांदोरी आणि सायखेडा, गोदावरीच्या दोन काठांवरची गावे. उन्हाळ्यात पाणी उतरले की चांदोरीला नदीच्या पात्रातच दगडी देवळे दिसू लागतात. पाणी चढले की ती पुन्हा गडप. असे का होते? खाली नांदूर मध्यमेश्वरला गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजी अमलात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा झाला. त्याचा फुगवटा मागे पसरतो. याच बंधाऱ्यातून डावा आणि उजवा कालवा निघतो आणि खाली कोपरगाव, राहात्यापर्यंतचे मळे भिजवतो. याच फुगवट्याच्या उथळ, गाळाच्या पाण्यावर हजारो पक्षी उतरतात. २०२० साली या जागेला रामसर दर्जा मिळाला, महाराष्ट्रात पहिल्यांदा. आणि २०१६ व २०१९च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा चांदोरी-सायखेड्याच्या घरांत आणि दुकानांत पाणी शिरले, तेही आपण पाहिले.

आता या देवळांकडे बघून नुसते 'अरेरे' म्हणायचे का? आमचे म्हणणे असे की नाही. पाणी आले म्हणून ऊस आला, द्राक्ष आले, पोरे शिकली. ज्या पाण्याने देऊळ झाकले त्याच पाण्यावर आपली घरे उभी आहेत. मिळकत आणि नुकसान एकाच वेळी डोळ्यांसमोर धरणे, एकाच्या नावाने दुसरे न पुसणे, हे पाहण्यातले सगळ्यात कठीण काम. नदीकाठी उभे राहून ते जमले, तर बाकी ठिकाणीही जमेल.

तिसरे ठिकाण नाशिक. रामकुंडाजवळचे नारोशंकराचे देऊळ १७४७चे, सुंदरनारायण १७५६चे, काळाराम मंदिर त्याच शतकाच्या शेवटाकडचे. पेशवाईत सरदारांच्या हाती पैसा आला आणि तो गंगेच्या काठी दगडात उतरला. (आपल्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात, हे सांगायला नकोच.) काळारामाचे काळ्या दगडाचे आवार देखणे आहे. पण तिथे गेल्यावर दाराशी क्षणभर थांबा. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते. मागणी काय होती? आत जाऊन दर्शन घेऊ द्या, एवढीच. काही वर्षे चालूनही दार उघडले नाही. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ला, आपल्या शेजारच्या येवल्यात, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली.

हे दाराशी आठवायचे ते कशासाठी? दर्शन ही खाजगी, मनातली गोष्ट आहे असे आपण धरून चालतो. पण मनातल्या गोष्टीसाठी आधी दारातून आत जावे लागते, आणि दार कोणासाठी उघडे आहे हे समाज ठरवतो. ज्याने दाराकडे पाहिले नाही, त्याने देऊळ अर्धेच पाहिले.

आता थोडे व्यवहाराचे. एका दिवसात दोनच ठिकाणे धरा, फार तर तीन. आधी बाहेरून एक फेरी, मग दर्शन, मग पुन्हा एक फेरी. प्रदक्षिणा ही चालत पाहण्याचीच जुनी रीत आहे. मुलांना शिल्पातली एकच गोष्ट शोधायला द्या. हत्ती मोजू द्या.

आणि शेवटची, जरा टोचणारी गोष्ट. आपल्या गावच्या जुन्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला की आपण हौसेने वर्गणी देतो, आणि मग दगडाला ऑइलपेंट लागतो, सांध्यांत सिमेंट भरले जाते, भिंतीला टाइल्स येतात. रंगाने टाकीच्या बारीक रेघा बुजतात. सिमेंटने ओल आत कोंडते आणि दगडाचे कपचे निघू लागतात. हे कोणी वाईट हेतूने करत नाही, भक्तीनेच करतात. पण न पाहता केलेली भक्ती देवळाला महाग पडते. तेव्हा वर्गणी देण्याआधी विचारा : दगडाचे काय करणार? जाणकार माणसाला दाखवले का? हा प्रश्न विचारणारी चार माणसे गावात असली, तरी एखादे देऊळ वाचते.

पुढच्या रविवारी कुठेतरी जाऊन या आणि काय दिसले ते आम्हाला जरूर कळवा. आज इथेच थांबू.